एका कानाने ऐकलेलं

सातारा
गुरुवार, रात्री

प्रिय सुलू,

परवा फोनवर तू विचारलंस, "हल्ली सारखं कानात काय घालून असतेस गं?" मी "पॉडकास्ट" म्हटलं आणि तू सोडलेला उसासा मला इंदूरहून इथे स्वच्छ ऐकू आला. पॉडकास्ट म्हणजे दोन पुरुष समोरासमोर बसून, मोठाले माईक तोंडाशी धरून, श्रीमंत कसं व्हायचं ते तासभर सांगतात, अशी तुझी समजूत. तसलेही आहेत, मोप आहेत. पण तुला फोनवर पटवणं अशक्य, तू मधेच बोलतेस. म्हणून हे पत्र. आता वाच गुपचूप.

सुरुवात धावण्यातून झाली. पहाटे मी यवतेश्वरच्या घाटात जाते हे तुला माहीतच आहे. आधी गाणी लावायचे. पण गाण्याची लय पायांत शिरते, पाय तिच्यामागे पळतात आणि पहिल्या वळणालाच दम खलास. भाचा म्हणाला, "मावशी, गाणी नको, बोलणं ऐक." त्यानेच मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. मी एकच इअरबड लावते, डाव्या कानात. उजवा कान मोकळा. घाटात कासकडे जाणाऱ्या गाड्या असतात, कुत्री असतात आणि माकडं तर कठड्यावर आपल्या हक्काने बसलेली असतात. तर हे सगळं मी एका कानाने ऐकलेलं आहे, असं समजून वाच.

भाच्याने पहिलं लावून दिलं ते बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं 'थर्टीन मिनिट्स टू द मून'. 2019 साली चांद्रविजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा केलेली मालिका. केव्हिन फाँग नावाचा डॉक्टर ती सांगतो. अपोलो 11 चं यान चंद्रावर उतरण्याची शेवटची तेरा मिनिटं, एवढाच विषय. मला वाटलं, तेरा मिनिटांवर इतके भाग काढायचे म्हणजे पाणी घालून आमटी वाढवणार. पण नाही गं! वर्गात मी इतकी वर्षं अपोलो 11 शिकवलं ते दोन ओळींत: 20 जुलै 1969, आर्मस्ट्राँग, पहिलं पाऊल, पुढचा धडा. ह्यूस्टनला यानावर नजर ठेवणाऱ्या त्या नियंत्रण खोलीत बसलेली बहुतेक पोरं पंचविशीच्या आगेमागे होती, हे मला कुठे ठाऊक होतं?

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यासाठी मी घाटात कठड्याशी थांबले होते. यान खाली उतरतंय आणि संगणक '1202' असा इशारा देतो. आर्मस्ट्राँग विचारतो, हा काय प्रकार आहे ते सांगा. आवाज शांत, पण त्यात घाई कळते. उतरणं चालू ठेवायचं की सोडून परत फिरायचं, हे ह्यूस्टनच्या खोलीतल्या स्टीव्ह बेल्सने सांगायचं होतं. वय 26. त्याला मागच्या खोलीतून मदत करणारा जॅक गारमन, वय 24. आता गंमत अशी की उड्डाणाच्या काहीच दिवस आधी सरावात असाच एक इशारा आला होता आणि बेल्सने उतरणं रद्द करायला लावलं होतं. सराव घेणाऱ्यांनी नंतर सांगितलं, रद्द करायची गरज नव्हती. मग बेल्सचा प्रमुख जीन क्रँझ याने फर्मान काढलं: येऊ शकणारा प्रत्येक इशारा तपासा आणि त्यावर काय करायचं ते लिहून ठेवा. गारमनने हाताने यादी केली आणि टेबलावर डोळ्यांसमोर ठेवली. खरा 1202 आला तेव्हा त्याने त्या कागदावर नजर टाकली आणि सांगितलं, सारखा सारखा येत नसेल तर काळजी नाही. बेल्स म्हणाला, "गो." काही सेकंदांचा खेळ. संगणकाला एका रडारकडून नको असलेली माहिती येत होती, त्यात त्याचा वेळ जात होता. पण महत्त्वाची कामं धरून ठेवायची आणि बाकीची सोडून द्यायची, अशीच त्याची बांधणी होती. त्यामुळे त्याने ते ओझं निभावून नेलं.

हे सगळं पुस्तकात वाचता येतं, मान्य. पण तो आवाज वाचता येत नाही. बेल्सचा किंचित चढलेला, शब्द उरकून टाकणारा. चार्ली ड्यूक ह्यूस्टनहून यानाशी बोलतोय, त्याचे ते दक्षिणेकडचे लांबवलेले उच्चार. इंधन संपत आल्यावर तो फक्त सेकंद मोजून सांगतो, साठ, मग तीस. आणि यान टेकल्यावर इतका वेळ धरून ठेवलेला श्वास शब्दांतून बाहेर पडतो. छापताना माणसाचा 'अं', त्याची अडखळ, खाकरणं, सगळं पुसून टाकतात. वाक्य सरळ केलं की तो माणूस पहिल्यापासून इतकाच ठाम होता असं वाटायला लागतं. मी जे ऐकत असते ना, त्यात माणूस ठरवताना ऐकू येतो. ठरवून झाल्यावरचा माणूस मला तेवढा भावत नाही, भाषणं ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

आणि हो, उतरताना आर्मस्ट्राँगच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या आसपास गेले होते. आवाजावरून शपथेवर खरं वाटणार नाही. माझ्या घड्याळात घाटाच्या चढाला तेवढाच आकडा दिसतो आणि मी चंद्रावर नाही, नुसती यवतेश्वरला चालले असते.

आता तू म्हणशील, यात देव कुठून आला. तूच कॉलेजात माझ्याशी भांडायचीस, विज्ञान शिकतेस आणि वारीला जातेस म्हणून. तर ऐक. यान उतरल्यावर, बाहेर पाऊल टाकण्याआधी, आर्मस्ट्राँगचा जोडीदार बझ ऑल्ड्रिनने रेडिओवरून सगळ्यांना विनंती केली: क्षणभर थांबा आणि आपापल्या रीतीने आभार माना. मग त्याने आपल्या चर्चमधून नेलेली छोटी पाव-द्राक्षारसाची पुडी उघडली आणि चंद्रावर प्रभुभोजन घेतलं. जगाला ऐकवलं नाही. कारण त्याआधी 1968 च्या नाताळात अपोलो 8 च्या अंतराळवीरांनी चंद्राभोवती फिरताना बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या ओळी वाचल्या होत्या आणि त्यावरून एका नास्तिक बाईंनी नासाला कोर्टात खेचलं होतं. मला त्या बाईंचंही पटतं, ऑल्ड्रिनचंही. सरकारी खर्चाने गेलेल्या यानातून धर्मग्रंथ वाचू नये, हे बरोबर. आणि एवढं लांब गेलेल्या माणसाला हात जोडावेसे वाटले तर जोडू द्यावेत, हेही बरोबर.

श्रद्धेवरचे बहुतेक पॉडकास्ट मी दहा मिनिटांत बंद केले. उपदेश नुसता! आवाज मुद्दाम खाली आणलेला, मागे बासरी. आपल्याकडचेही त्यातच आले. टिकला तो क्रिस्टा टिपेट यांचा 'ऑन बीइंग'. 2003 मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर वेगळ्या नावाने सुरू झालेला कार्यक्रम. बाई प्रश्न विचारतात आणि मग चक्क गप्प बसतात. त्यातली दोन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी पंथातल्या, खगोलशास्त्रज्ञांची मुलाखत तू ऐकच. दोघेही व्हॅटिकनच्या वेधशाळेचे. हो, पोपची स्वतःची वेधशाळा आहे, रोमजवळ कास्तेल गांदोल्फोला, आणि अमेरिकेत अॅरिझोनाच्या डोंगरावर त्यांची दुर्बीणसुद्धा आहे. त्यातले जॉर्ज कोइन आता हयात नाहीत. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: विज्ञानाला जे उत्तर सापडत नाही तिथे देवाला भरून टाकू नका, देव हे स्पष्टीकरण नव्हे. दुसरे गाय कॉन्सोल्माग्नो, उल्कापाषाणांचे अभ्यासक. तिशीच्या सुमारास त्यांना प्रश्न पडला, जगात लोक उपाशी असताना मी तारे कसले बघत बसलोय? सगळं सोडून ते केनियाला शिकवायला गेले. आणि तिथल्या गावकऱ्यांना काय हवं होतं? दुर्बिणीतून चंद्र बघायचा होता! पोटाला लागतं तसं माणसाला हेही लागतं, हे त्यांना तिथे कळलं आणि ते परत ताऱ्यांकडे वळले. मला आमच्या शाळेच्या गच्चीवरची रांग आठवली. शनीची कडी बघायला मुलांच्या आधी त्यांच्या आयाच उभ्या होत्या.

माझी श्रद्धा काय आहे ते मला अजून धड सांगता येत नाही, पण ती कुठे असते ते माहीत आहे. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाताना वाटेत चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण होतं. मी जमेल तेव्हा जाते. दोन बाजूंना वारकरी आणि मधून अश्व दौडत जातो. गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पुढे गोल रिंगणात तर बायका डोक्यावर तुळस घेऊन धावतात, कित्येक अनवाणी, नऊवारीत, साठी उलटलेल्या. एकीच्याही हातात ठोके मोजणारं घड्याळ नसतं.

धावण्यावरच्या पॉडकास्टबद्दल मात्र फार लिहीत नाही, तुला कंटाळा येईल. बरेचसे बूट आणि पावडरी विकतात. कामाची गोष्ट एकच मिळाली: बहुतेक धावणं सावकाश करावं, इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. स्टीफन सायलर या संशोधकाने कसलेल्या खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा त्यातला साधारण ऐंशी टक्के भाग असाच आरामात केलेला निघाला. माझा आवडता पॉडकास्ट 'रनिंग कॉमेंटरी'. लंडनचे दोन विनोदवीर, पॉल टॉन्किन्सन आणि रॉब डीरिंग, धावता धावताच तो रेकॉर्ड करतात. पावलांचा आवाज, वारा, मधेच कुणाचा तरी कुत्रा. चढ आला की वाक्यं तुटायला लागतात आणि उतारावर पुन्हा जोक सुरू. इकडे माझाही चढ, तिकडे त्यांचाही. लोक मला एकटीच हसताना बघतात.

आणि धावणं, देव, अंतराळ सगळं एकाच बाईत बघायचं असेल तर सुनीता विल्यम्स. 2007 च्या एप्रिलमध्ये ती बॉस्टन मॅरेथॉन धावली, पण वर, अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर. वजनच नसल्याने पाय पट्ट्यावर टेकावेत म्हणून खांद्यांना आणि कमरेला पट्टे बांधून खाली ओढलेलं. वेळ चार तास चोवीस मिनिटं. तेवढ्यात स्थानकाच्या पृथ्वीभोवती जवळजवळ तीन प्रदक्षिणा झाल्या असतील. खाली बॉस्टनमध्ये तिची बहीण त्याच वेळी रस्त्यावर धावत होती. आणि सामानात बाईंनी काय नेलं होतं? गीता आणि गणपती.

आता तुझ्या प्रांतात, गाण्यात येते. 'साँग एक्स्प्लोडर' म्हणून आहे, हृषिकेश हिरवे नावाचा गृहस्थ 2014 पासून करतो. बॉस्टनकडचा, पण आडनाव ऐकून माझे कान टवकारले. गाणं करणाऱ्यालाच तो गाणं उसवून दाखवायला लावतो: नुसता ढोल, मग नुसती गिटार, मग पहिल्यांदा गुणगुणलेली कच्ची चाल. स्वतःचे प्रश्न तो कापून टाकतो, त्यामुळे गायक थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. सगळ्यात शेवटी पूर्ण गाणं. पाश्चात्त्य गाणी मला कळत नाहीत, तरी मी ऐकते. आणि दर वेळी मनात येतं, आपल्याकडे हे कुणी का करत नाही? एखाद्या भावगीतातला नुसता तबला ऐकव, व्हायोलिनचा तुकडा कुणाला कसा सुचला ते सांग. ती पिढी गेल्यावर कुणाला विचारणार आहोत?

आणि ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले ते हे. 'रेडिओलॅब' नावाच्या कार्यक्रमात अॅन ड्रुयन बोलल्या आहेत. 1977 मध्ये अंतराळात दूर निघालेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका पाठवली, ती तयार करणाऱ्यांपैकी त्या एक. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्याशी फोनवर लग्नाचं ठरलं आणि दोनच दिवसांनी ड्रुयनबाईंच्या मेंदूच्या लहरी त्या मुद्रिकेसाठी नोंदवून घेतल्या. नुकत्याच प्रेमात पडलेल्या बाईचा मेंदू आहे तिकडे! तो भाग संपल्यावर मी मुद्रिकेतल्या संगीताची यादी शोधली आणि त्यात आपल्या केसरबाई. केसरबाई केरकर, सुलू! तुझ्या आईच्या केसरबाई. 'जात कहाँ हो', भैरवी, साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर 1 निघालं 5 सप्टेंबर 1977 ला आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. फोंड्याजवळच्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतल्या. ते यान आज 25 अब्ज किलोमीटरच्या आसपास आहे, त्याचा संदेश यायला जवळपास एक दिवस लागतो. 2023 च्या शेवटी ते असंबद्ध बरळायला लागलं होतं. एक चिप खराब झाली होती. इथल्या लोकांनी तिच्यातला प्रोग्राम तुकडे करून दुसऱ्या जागी बसवला आणि 2024 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा शहाण्यासारखं बोलू लागलं. मुद्रिकेवर मराठीतला नमस्कारही आहे, ते वेगळंच.

मी ती भैरवी ऐकली, पण मला त्यात काय ऐकायचं ते कळत नाही. छान वाटतं, एवढंच. आवाज पुरुषी वाटावा इतका भरदार का, ती तान कुठून उचलते, साडेतीन मिनिटांत बाईंनी काय ठेवलं आणि काय गाळलं, हे तुला कळतं. म्हणून एक काम कर. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू कर, पेटी जवळ घे, आणि जसं तुझ्या मुलींना शिकवतेस तसं ती भैरवी मला उसवून दाखव. मधे थांबायचं असेल तर थांब, चुकलं तर चुकू दे, खोडू नकोस. कुकरची शिट्टी झाली तरी चालेल. फाइल मोठी झाली तर दोन भागांत पाठव, व्हॉट्सॲपवर येते. रविवारी मी लांब धावते, तेव्हा ऐकेन, त्यामुळे शनिवार रात्रीपर्यंत मिळालं तर बरं. आणि पंधरा मिनिटांपेक्षा कमी नको, तेवढ्यात माझा चढसुद्धा संपत नाही.

तुझी,
मंगल

ता. क. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव. त्यांना 'थर्टीन मिनिट्स'ची दुसरी मालिका लावून दे, ती अपोलो 13 वर आहे. पडून राहावं लागेल तेव्हा बरी.