जर्नलमधला १२३

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा प्रॅक्टिकलसाठी पायथन या संगणकाच्या भाषेतला ‘संख्येचे अंक उलटे करा’ हा प्रोग्रॅम घडाघडा म्हणत होती. संख्येला दहाने भागून बाकी घ्यायची, आधीच्या उत्तराला दहाने गुणून त्यात ती मिळवायची, मूळ संख्येला दहाने पूर्णांकी भागून तिचा शेवटचा अंक उडवायचा. संख्या शून्य होईपर्यंत हेच. जर्नलमध्ये १२३ चे ३२१. वर्गातल्या सगळ्यांच्या जर्नलात तेच १२३, आणि परीक्षेतही तेच विचारतात म्हणे.

मी बँकेत कॅशियर होतो. म्हटलं, १२०० घालून बघ. उत्तर आलं २१. ‘शून्यं कुठे गेली गं?’ तर म्हणाली, ‘आजोबा, ते सिलॅबसमध्ये नाही.’ मग उणे १२३ घातले. प्रोग्रॅम थांबेचना. पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितलं: पायथनचा पूर्णांकी भागाकार खालच्या आकड्याकडे उतरतो, म्हणून उणे १२.३ चे उणे १३, मग उणे २, उणे १... इथे तिने माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि स्वतःच लिहिलं, पुन्हा उणे १. पुन्हा उणे १. शून्य यायचंच नाही.

उलट्या आकड्यांनी आम्हाला बँकेत रात्री नऊ-नऊपर्यंत बसवलंय. लेजर टॅली झालं नाही की फरकाला आधी नऊने भागून बघायचं. फरक २७ चा असला तर कुणीतरी ६३ चे ३६ लिहिलेत का, ते शोधायचं. बहुतेकदा सापडायचं.

आणि आम्ही पडलो देवळालीकर. इथे शिक्षक असलेल्या गणिती द. रा. कापरेकरांचा ६१७४ चा खेळ मुलांना करायला का देत नाहीत? चार अंक उतरत्या क्रमाने लावा (चारही सारखे नकोत), तीच संख्या उलटी करून वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतात. पण २१११ घेऊन बघा. पहिल्याच वजाबाकीत ९९९. ते ०९९९ धरले तर गाडी पुढे जाते. नाही तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास. त्या शून्याची किंमत तिथे कळते.

तोंडी परीक्षेत जर्नलबाहेरची एक तरी संख्या घालायला लावा, एवढंच परीक्षकांना सांगणं आहे. वेळ नसतो म्हणतील. १२०० टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

आपला,
एक निवृत्त कॅशियर, देवळाली