कोबारिदची खेडी: सुनंदास पत्र

नोव्हा गोरित्सा,
२० मे

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शाळेतल्या मुलांना तू त्यांच्या आजी-आजोबांकडे पाठवलंस आणि लातूरच्या भूकंपाआधीच्या गावाबद्दल विचारून निबंध लिहायला लावलंस, हे मला फार आवडलं. ते वाचल्यापासून इथलं एक गाव तुला कधी सांगते असं झालंय. पण त्या गावाशी एकदम नाही पोचता येत, आधी आजूबाजूचा मुलूख सांगायला हवा. पत्र लांबणार आहे. सवडीने वाच.

लेकीच्या घरापासून सोचा नदीच्या काठाकाठाने उत्तरेला निघालं की तासाभरात कोबारिद येतं. नदीचा फोटो पाठवला होता तेव्हा तू विचारलंस की रंग वरून चढवलाय का. नाही गं, पाणी तसंच आहे, हिरवट निळं आणि तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ. स्लोव्हेनियाच्या अगदी पश्चिम कडेची ही पालिका. पालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शहर येतं, पण इथे एक छोटं बाजाराचं गाव आणि डोंगरउतारांवर विखुरलेली तीसेक खेडी, एवढाच पसारा. सगळी वस्ती मिळून चार हजारांच्या आसपास. पलीकडचा डोंगर उतरलं की इटली.

बाहेरच्या जगाला कोबारिद ठाऊक आहे ते कापोरेत्तो या इटालियन नावाने, आणि तेही पहिल्या महायुद्धातल्या एका लढाईमुळे. मे १९१५ पासून इथल्या डोंगरांवर इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी खंदक खणून समोरासमोर बसले होते. अकरा लढाया झाल्या, हजारो पोरं मेली, पण आघाडी फारशी हलली नाही. बाराव्या लढाईत, २४ ऑक्टोबर १९१७ ला, जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी पहाटेच्या अंधारात विषारी वायू सोडून हल्ला चढवला आणि इटलीची फळी कोसळली. अडीच लाखांवर इटालियन सैनिक कैद झाले. लिवेक गावावरचा मातायूर डोंगर तिसऱ्या दिवशी ताब्यात घेणारा तरुण जर्मन अधिकारी म्हणजे एर्विन रोमेल. पुढे दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनची गाठ पडली तो हाच. हे सगळं पुस्तकांत मिळेल, म्हणून मी त्यात रमत नाही.

कोबारिदचं युद्ध संग्रहालय मात्र बघण्यासारखं आहे. १९९० साली सुरू झालं आणि तीनच वर्षांत त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. तिथे विजय नाही, पराजय नाही, मेलेल्या आणि जखमी झालेल्या माणसांचे चेहरे आहेत. एका काळ्या खोलीत लाकडी दार ठेवलंय. जवळच्या स्मास्त गावातल्या लष्करी तुरुंगाचं ते दार, त्यावर आत कोंडलेल्या इटालियन सैनिकांनी कोरलेली अक्षरं. तोफा-बंदुकांपुढे मी फार थांबले नाही, पण त्या दारापुढून पाय निघेना.

मला छळणारा प्रश्न दुसराच होता. एवढ्या फौजा इथे ठाण मांडून होत्या तेव्हा गावातली माणसं कुठे होती? ही खेडी तर ऑस्ट्रियाची, घराघरातली तरणी पोरं ऑस्ट्रियाच्या पलटणीत गेलेली, आणि गावात शिरलं इटालियन सैन्य. त्या सैन्याला प्रत्येक म्हाताऱ्यात हेर दिसायला लागला. युद्धाला पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा, जून १९१५ मध्ये, कर्न डोंगराखालच्या लाद्रा, स्मास्त, कामनो, लिबुश्न्ये, व्र्स्नो आणि कर्न या गावांतले ६१ पुरुष धरून नेले. इदर्स्को गावाशी नदीकाठी त्यांना उभं केलं आणि दर दहावा माणूस मोजून बाजूला काढला. सहा जणांना गोळ्या घातल्या. चौकशी नाही, गुन्हा नाही, नुसती मोजणी. आज त्या वाटेने सायकलवाले आणि नदीत होड्या घालणारे पर्यटक आनंदात जातात. जावोत बापडे, पण इदर्स्कोवरून जाताना थांबून हे सांगणारं कोणीतरी असावं असं मला फार वाटतं.

सरहद्दीचं तर विचारूच नकोस. समज, १९०० साली यातल्या एखाद्या खेड्यात एक मुलगी जन्माला आली आणि तिने गाव कधी सोडलंच नाही. ती जन्मली ऑस्ट्रिया-हंगेरीत. शाळा संपली तोवर इटालियन फौज दारात. १९२० च्या रापाल्लो करारानं ती रीतसर इटलीची झाली. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर पार्टिझानांनी, म्हणजे फॅसिस्टांशी लढणाऱ्या स्लोव्हेन गनिमांनी, इथे आपलं राज्य उभं केलं, त्याला कोबारिदचं प्रजासत्ताक म्हणतात. ते पन्नासेक दिवस टिकलं, मग जर्मन आले. युद्ध संपल्यावर दोन वर्षं इंग्रज-अमेरिकनांचा अंमल, १९४७ मध्ये युगोस्लाव्हिया. नव्वदी ओलांडली असेल तर १९९१ मध्ये स्वतंत्र स्लोव्हेनिया. बाई त्याच घरात, त्याच चुलीपुढे.

यातला इटलीचा काळ सर्वांत जाचक. फॅसिस्टांनी स्लोव्हेन शाळा बंद केल्या, शिक्षक दूर बदलून टाकले, गावांची नावं बदलली आणि माणसांची आडनावंसुद्धा इटालियन वळणाची करून टाकली. तू शाळेत शिकवतेस म्हणून तुला कळेल, पोरांना घरात बोलतात ती भाषा शाळेत बोलायला बंदी म्हणजे काय. मग हे काम पाद्र्यांनी अंगावर घेतलं. धर्मशिक्षणाच्या नावाखाली ते पोरांना मातृभाषेतली अक्षरं शिकवायचे. शिवाय खेड्यांत प्रत्येक घराला स्वतःचं एक नाव असतं, आडनावाहून वेगळं. घरात राहणारं कुटुंब बदललं तरी घराचं नाव तेच. आपल्याकडे कसं, वाडा विकला गेला तरी 'कुलकर्ण्यांचा वाडा'च राहतो. सरकारी कागदावर आडनाव काहीही लिहिलेलं असो, शेजारी हाक मारायचे ती घराच्या नावाने. दफ्तरातली नावं बदलता आली, गावाच्या तोंडातली नाही.

१९३८ च्या सप्टेंबरात मुसोलिनी स्वतः कोबारिदला आला होता. गावावरच्या टेकडीवर संत अँथनीचं जुनं चर्च आहे. त्याच्याभोवती तीन मजली, अष्टकोनी, कमानींचं भलंमोठं अस्थिस्मारक बांधलंय. आसपासच्या लष्करी स्मशानांतून उकरून आणलेले सात हजारांवर इटालियन सैनिक तिथे आहेत. उद्घाटनाला तो येणार म्हणून टिगर या स्लोव्हेन गुप्त संघटनेने त्याला उडवायचा बेत केला होता, तो तडीस गेला नाही. मी वर चढून गेले. कमानीखाली हिरवट दगडांवर ओळीने नावं. विशी-पंचविशीतली पोरं असणार, त्यांच्याबद्दल मनात काही वाकडं येत नाही. पण ज्या गावाची भाषा तुम्ही बंद केलीत त्याच गावाच्या डोक्यावर हे उभारायचं, हे मला सहन होत नाही. गावकऱ्यांनी मात्र पुढे त्याला हात लावला नाही, नीट जपलंय. हा मोठेपणा मला तरी सहज जमला नसता.

आता द्रेझ्नित्सा. कर्न डोंगर २२४४ मीटर उंच आहे, त्याच्या थेट पायथ्याशी हे गाव. एवढ्याशा गावाला न शोभेल इतकं थोरलं चर्च आहे, युद्धाच्या तोंडावर बांधलेलं. वरच्या कड्यावर तोफा धडधडत होत्या आणि हे दोन वर्षं त्यांच्या पुढ्यात उभं राहिलं, तरी वाचलं. गावकऱ्यांना त्याचा अभिमान आहे. इथली शेळीही द्रेझ्नित्साच्या नावाने ओळखली जाते, स्लोव्हेनियाची खास स्वतःची अशी शेळीची ती एकच जात. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर न्यायची, तिथेच दूध एकत्र करून चीज लावायचं आणि ज्याच्या गाईने जितकं दूध दिलं त्या हिशेबाने वाटून घ्यायचं, ही इथली जुनी रीत. त्या चीजला तोल्मिन्त्स म्हणतात. कच्च्या दुधाचं, निदान दोन महिने मुरवलेलं, किंचित तिखटसर. तुला आवडेल.

फेब्रुवारीत इथे पुस्त असतो, उपासाच्या दिवसांआधीचा सण. गावातले लग्न न झालेले तरुण लाकडी मुखवटे चढवतात. काहींची सोंगं देखणी, ती वाजंत्र्यांबरोबर घरोघर जातात, लोक त्यांच्या हातावर अंडी, पैसे ठेवतात. काहींची भयंकर: मेंढ्याची शिंगं, अंगावर कातडी, कमरेला घंटा, आणि हातात राखेने भरलेला लोकरी मोजा. त्या मोज्याने ते गावातल्या पोरांना गल्लोगल्ली पिटाळतात. मोजा पाठीत बसला की राखेचा लोट उठतो. पोरं किंचाळत पळतात आणि लगेच परत येऊन डिवचतात. मुखवटे जुने, पुढच्या पिढीकडे सोपवत आलेले. गावात तरुण पोरंच उरली नाहीत तर हे कोण करणार, अशी काळजी एका काकांनी बोलून दाखवली. कामाधंद्यासाठी पोरं ल्युब्लियानाला जातात. पण सणाला येतात म्हणे, आणि मी पाहिलं तेव्हा तरी आली होती.

नदीच्या त्याच बाजूला व्र्स्नो आहे. कवी सिमोन ग्रेगोर्चिच १८४४ साली तिथे जन्मला. शेतकऱ्याचं पोर, पुढे पाद्री झाला, कोबारिदमध्येही त्याने काम केलं. सोचेवरची त्याची कविता इथे लहानथोर सगळ्यांना पाठ. डोंगरातून नाचत येणाऱ्या नदीचं वर्णन करता करता तो एकदम सांगतो की तुझ्या काठी लढाई होईल आणि रक्त वाहील. हे त्याने लिहिलं महायुद्धाच्या तीसेक वर्षं आधी. १९०६ मध्ये तो गेला, म्हणजे त्याला ते बघावं लागलं नाही. त्याची समाधी स्मास्तजवळच्या चर्चच्या आवारात आहे, मघाशी सांगितलं त्या तुरुंगाच्या दाराच्या गावाशी.

आता तुझ्यासाठी राखून ठेवलेलं गाव, ब्रेगिन्य. कोबारिदहून पश्चिमेला नादिझा नदीच्या खोऱ्यात आत आत जायचं. जुनं ब्रेगिन्य म्हणजे घराला घर चिकटून बांधलेली दगडी आळी, बाहेरून वर जाणारे दगडी जिने, दर्शनी बाजूला लाकडी सज्जे. सज्ज्यावर मका वाळत घातलेला, खाली बोळ इतका अरुंद की दोघांनी अंग चोरून जावं. ६ मे १९७६ ला पलीकडे इटलीच्या फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला आणि हा सगळा पट्टा हादरला. लोक सावरत होते, डागडुजी चालू होती, तोच सप्टेंबरमध्ये पुन्हा धक्के. त्यानंतर जवळजवळ सगळं जुनं गाव पाडून टाकलं. काही घरं दुरुस्त होऊ शकली असती, असं वारसा जपणारे तज्ज्ञ तेव्हाही म्हणत होते. पण हिवाळा तोंडावर, माणसं तंबूत, सरकारला घाई, आणि दोनदा हादरलेल्या माणसाला दगडी भिंतीखाली निजायचा धीर होईना. कारखान्यात तयार झालेली एकसारखी घरं आली, रुंद रस्ते आले.

हे सगळं तुला मी काय सांगायचं! ३० सप्टेंबर १९९३ नंतर तुम्ही हेच तर पाहिलंत. दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली, म्हणून भिंतींचाच धसका बसला. नवी गावं आखीव झाली, घरं सुरक्षित झाली, आणि शेजार मोडला. तुझी आई म्हणायची ना, नव्या गावात हाक मारली तर कोणाला ऐकू जात नाही.

ब्रेगिन्यमध्ये एक छोटा तुकडा वाचवलाय. काही घरं पाडू दिली नाहीत, आज ते गावाचं संग्रहालय आहे. तिथल्या एका आजीबाईंनी आम्हाला आत नेलं. काळी पडलेली चूल, तिच्यावर साखळीला टांगलेलं पातेलं, भिंतीला विळे, दुधाची भांडी, लाकडी पाळणा. हे सगळं गावातल्याच घरांतून आलेलं. आजीबाई भूकंपाच्या वेळी तरुण सून होत्या. प्रत्येक वस्तूला हात लावून त्या सांगत होत्या की ही अमक्या घरातली, ती तमक्या घरातली. लेक मला भाषांतर करून देत होती, पण शेवटी शेवटी तिचीही गरज लागेना, कारण आजी नुसत्या घरांची नावंच घेत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट करून ओळीने घरं मोजली. तिथे आता गवत आहे. त्यांचा क्रम एकदाही अडला नाही.

सुनंदा, म्हणून तुझ्या निबंधांत एक भर सुचवते. मुलांना म्हणावं, आजीला नुसतं 'काय आठवतं' असं विचारू नका. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत उजव्या हाताला कोणाकोणाचं घर होतं, मग डाव्या हाताला कोणाचं, ते ओळीने विचारा. कोणाच्या दारात आड होता, कोणाच्या ओट्यावर बायका निवडणं घेऊन बसायच्या, तेही. एका मोठ्या कागदावर आळीचा नकाशा काढून घे. दोन आज्यांची भांडणं होतील, होऊ देत, दोघींचं लिहून ठेव. भूकंपाच्या वेळी जे पंचविशीत होते ते आता साठीच्या घरात आहेत, म्हणजे अजून हाताशी वेळ आहे. पण तेव्हाच्या साठीतल्यांपैकी किती उरले असतील?

मी परत ब्रेगिन्यला जाणार आहे. तिथे हे काम सुरुवातीला कोणी आणि कसं केलं, वस्तू मागायला दारोदार कोण फिरलं, नोंदी कशा ठेवल्या, हे विचारून घेईन आणि सविस्तर लिहीन. तुला आणखी काही विचारायचं असेल तर आधीच कळव. सज्ज्यांचे आणि चुलीचे फोटो लेक तुला मोबाईलवर पाठवतेय, ते मुलांना दाखव. आणि शाळेतला नकाशा तयार झाला की त्याचा फोटो मला हवा, मी तो त्या आजीबाईंना नेऊन दाखवणार आहे.

भाऊजींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझीच,
विजया