कसाऱ्याला गाडी का थांबते

नाशिक रोड

प्रिय नंदू,

कसाऱ्याला गाडी उगाच उभी करतात, असं तू वैतागून लिहिलंयस. बाबा रे, उगाच नाही. तेवढ्या वेळात तुझ्या गाडीच्या शेपटाला, घाट चढताना मागून रेटणारी इंजिनं जोडली जात असतात. त्यांना बँकर म्हणतात. डब्यात बसून पुढेच बघणाऱ्याला ती दिसत नाहीत, एवढंच.

कसारा ते इगतपुरी हा घाट सुमारे 15 किलोमीटरचा, आणि तेवढ्यात गाडी 972 फूट वर चढते. सगळ्यात खडा चढ 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. आता हिशेब कर. 24 डब्यांची भरलेली गाडी 1200 टनांच्या घरातली धरली, तर नुसत्या चढापायी ती 32 टनांनी मागे ओढते. डब्ल्यूएपी-7 या विजेच्या इंजिनाची सुटतानाची ओढही साधारण तेवढीच. त्यात इंजिनाचं स्वतःचं 123 टन वजन आणि वळणांवरचं घर्षण मिळवलं की हिशेब तुटीत जातो. पावसात रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून चाकांपुढे वाळू सोडावी लागते.

मग जास्तीची इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण मग सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे जोडणीच्या आकड्यावर येतो. मागून रेटलं की तो वाटला जातो. शिवाय मध्येच कपलिंग तुटलं, तर मागचे डबे उतारावर सुटायला नकोत. मागे इंजिन असलं की ते तिथेच थोपतात. माझ्या मते बँकरचं खरं मोल यातच आहे. जोडताना ब्रेकची हवेची नळीही जोडतात, शेवटपर्यंत दाब पोचतो का ते तपासतात आणि मगच गाडी सुटते. इगतपुरीला बँकर सोडवतात आणि पुढच्या गाडीसाठी ते मोकळेच खाली उतरतात.

पण चढणं सोपं म्हणावं, अशी गत उतरण्याची आहे. तुझी मुंबईकडची गाडी इगतपुरीला थांबते ती ब्रेकच्या तपासणीसाठी. ब्रेकच्या नळीत हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला 5 किलो असतो. तो कमी केला की ब्रेक लागतात. म्हणून नळी फुटली तरी गाडी थांबते, पळत सुटत नाही. धोका वेगळाच आहे. लांब उतारावर घडीघडी ब्रेक लावून सोडले, तर डब्यांखालच्या हवेच्या टाक्या पुन्हा भरायला वेळ मिळत नाही आणि ब्रेकचा जोर ओसरत जातो. त्यासाठी इंजिनाच्या मोटारींनाच जनित्र करून वेग आवरतात. चाकांवरचे ब्रेक राखून ठेवायचे.

एवढं करूनही गाडी हाताबाहेर गेली तर कॅच सायडिंग आहे. ही चढावर जाऊन संपणारी फाट्याची लाइन. रूळ बदलणारा सांधा एरवी तिच्याकडेच वळवलेला असतो. गाडी आधी थांबली तरच तो मुख्य लाइनकडे फिरतो. न थांबलेली गाडी आपसूक फाट्यावर चढते. घाटात गाडी मध्येच थबकते ती सिग्नल बिघडला म्हणूनच, असं समजू नकोस.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा रूळ कसाऱ्यापर्यंत 1861 मध्ये आला, पण घाट चढून इगतपुरी गाठायला 1865 उजाडलं. पूल आणि बोगदे तर होतेच, शिवाय घाटात एका ठिकाणी गाडी थांबवून उलट दिशेने न्यावी लागे. तो प्रकार पुढे वळणं बदलून काढून टाकला. 1930 च्या सुमारास इगतपुरीपर्यंत 1500 व्होल्ट डीसी वीज आली. त्यापुढे मात्र नंतर 25,000 व्होल्ट एसी घातली, म्हणून कित्येक वर्षं इगतपुरीला इंजिनच बदलावं लागे. आता सगळीकडे एसी आहे. ती कटकट गेली, बँकर राहिले.

नाही म्हणायला, 2019 मध्ये सुरू झालेल्या मुंबई राजधानीने वाट काढली. तिला पुढे एक, मागे एक इंजिन, आणि दोन्ही पुढच्या केबिनमधून चालतात. कसाऱ्याची जोडाजोडच नको. सगळ्याच गाड्यांना असं का नाही, हे तू विचारणारच. एक इंजिन साऱ्या प्रवासभर अडकून पडतं. बँकर मात्र दिवसभर तेवढ्याच 15 किलोमीटरमध्ये गाडीमागून गाडी चढवतो. आणि चढच 1:100 इतका हलका करायचा, तर तेवढ्याच उंचीला जवळजवळ 30 किलोमीटर रूळ लागेल, बहुतेक बोगद्यातून.

श्रावणात त्र्यंबकला येशील तेव्हा त्याच दिवसाचं पुढचं काही ठरवू नकोस. दरड आली, की रूळ तपासून होईस्तोवर गाड्या हलत नाहीत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय