टर्मन सर, नोकरी न सोडता शिकता आलं ते तुमच्यामुळे

आदरणीय फ्रेडरिक टर्मन सर,

सादर प्रणाम.

आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही १९८२ साली गेलात, मी कॅलिफोर्नियात आलो ते त्यानंतर. पण तुमचं नाव सांगलीला इंजिनिअरिंगला असल्यापासून ओळखीचं. तुमचं 'इलेक्ट्रॉनिक अँड रेडिओ इंजिनिअरिंग' आमच्या ग्रंथालयात होतं, शिवण सुटलेलं, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. त्यातला युनिव्हर्सल रेझोनन्स कर्व्ह मी वहीत उतरवून घेतला होता. ट्यून्ड सर्किट (रेडिओत हवं ते स्टेशन निवडणारं) कुठल्याही फ्रिक्वेन्सीचं असो, त्याचा क्यू, म्हणजे ते किती काटेकोरपणे निवड करतं त्याचं माप, कळला की रेझोनन्सच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या, आसपासचं उत्तर त्याच आलेखावरून निघायचं. अवघड गणित विद्यार्थ्याच्या हाताशी आणून ठेवायचं, ही तुमची हातोटी.

इथे लोक तुम्हाला सिलिकॉन व्हॅलीचे जनक म्हणतात आणि ह्यूलेट आणि पॅकार्ड या तुमच्या विद्यार्थ्यांची गोष्ट सांगतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला लागलेल्या पॅकार्डना तुम्ही फेलोशिप मिळवून देऊन स्टॅनफर्डला परत बोलावलंत, ह्यूलेटच्या ऑसिलेटरवर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या उपकरणावर) धंदा उभा राहील हे हेरलंत, आणि १९३९ मध्ये दोघांनी ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी काढली. मोठंच काम ते. तरी माझ्या लेखी तुमचं त्याहून मोठं काम १९५४ चं आहे.

स्टॅनफर्डला इंजिनिअरिंगचे डीन असताना तुम्ही ऑनर्स कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम सुरू केलात. आसपासच्या कंपन्यांतल्या इंजिनिअरांनी नोकरी सांभाळून एमएस करायचं, खर्चाचा भार कंपनीने उचलायचा. वर्ग तेच, परीक्षा त्याच. नोकरदारांसाठी पातळ केलेला वेगळा अभ्यासक्रम काढणं सोपं गेलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मी आलो तेव्हा घरभाडं, व्हिसा, तान्ही मुलगी, सगळं एका पगारावर चाललं होतं. पूर्णवेळ शिकायला जायचं तर विषयच नव्हता. पण १९६९ पासून स्टॅनफर्डचे वर्ग टीव्हीवरून थेट कंपन्यांमध्ये दिसू लागले होते. आमच्या ऑफिसात एका खोलीत टीव्ही लावलेला असे. डबा उघडून आम्ही पाच-सहा जण समोर बसायचो. शंका आली की बटण दाबून बोलायचं. आवाज तिकडे वर्गात ऐकू जायचा आणि प्राध्यापक खडू खाली ठेवून उत्तर द्यायचे. गृहपाठ कुरिअरने जायचा, तपासून परत यायचा. पहिल्यांदा बटण दाबताना माझ्या इंग्रजीची मला धास्ती होती. प्राध्यापकांनी प्रश्न नीट ऐकला आणि समीकरण पुन्हा पहिल्यापासून मांडलं. त्या दिवसापासून मी बिनधास्त विचारू लागलो.

तुम्ही स्वतः १९२४ साली एमआयटीतून डॉक्टरेट घेऊन घरी आलात आणि क्षयाने अंथरुणाला खिळलात. बरे होत असताना स्टॅनफर्डमध्ये शिकवायला लागलात तेही अर्धवेळच. हे मी फार उशिरा वाचलं. परिस्थितीने अडकलेल्या माणसाची कळ तुम्हाला तिथूनच उमजली असेल का, असं मनात येऊन गेलं.

सत्तरीला आलेले असताना तुम्ही कोरियाला गेलात, आणि १९७० च्या तुमच्या अहवालावरून तिथे आज कैस्ट म्हणून ओळखली जाणारी विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. तिथल्या विद्यार्थ्यांचेही आभार या पत्रात धरा.

माझ्या एमएसच्या प्रमाणपत्रावर ते नोकरी करत मिळवलं की पूर्णवेळ शिकून, याचा कुठेही उल्लेख नाही. ती बरोबरी तुम्ही दिलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

आपला,
एक विद्यार्थी, सनीवेल