वेळासच्या शेजारून अविनाशला

मंडणगड तालुका,
होळीच्या आधीचा रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

सोलापूरकडच्या नान्नजजवळच्या शाळेत बदली झाली हे तुझ्या पत्रातून कळलं आणि फार आनंद झाला. ऑक्टोबरातल्या वन्यजीव सप्ताहाची तू आतापासून तयारी करतोयस हे तर त्याहून छान. वाघाचं चित्र, घोषवाक्यं, प्रभातफेरी, वक्तृत्व अशी यादी पाठवून माझं मत विचारलंस. मनापासून सांगतो, ही यादी बाजूला ठेव. माळावरच्या मुलाला वाघ भेटतो तो टीव्हीवर. त्याच्या शाळेमागच्या रानात जे आहे ते त्याला दाखव आणि त्या जिवासाठी करण्याजोगं एखादं खरं काम त्याच्या हाती दे. काम हाती आलं की पोरं आपोआप गुंततात.

आमच्याकडे हे शेजारच्या वेळास गावामुळे घडलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. त्याआधी वाळूतली अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या तोंडी जायची. आता गावातलेच कासवमित्र हंगामात पहाटे किनारा धुंडाळतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पिल्लांचं तोंडही ती पाहत नाही. वाळूवर तिच्या येण्याजाण्याची खूण ट्रॅक्टर गेल्यासारखी उमटलेली असते. तिचा माग काढायचा, अंडी अलगद उचलायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, हे कासवमित्रांचं काम.

आमच्या वर्गात फळ्याचा एक कोपरा या घरट्यांचा आहे. अंडी कधी सापडली, किती होती, पिल्लं कधी यावीत, हे मुलं तिथे मांडतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवस धरायचे. थंडी जास्त पडली तर दिवस लांबतात, वाळू तापली तर कमी होतात. वाळू जास्त तापली की माद्या अधिक निपजतात, हे सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “मग उन्हाळे असेच वाढत गेले तर नर कुठून येणार?” तापमानवाढीवर मी तासभर बोललो असतो तरी हा प्रश्न वर्गात उठला नसता.

ओडिशात गहिरमाथ्याला 2021 मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. बातमी आली त्या दिवशी पोरांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं दोरा लावत श्रीलंकेला वळसा घातला. अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात गेलं. भूगोलाचं पुस्तक त्या दिवशी कुणी उघडलंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलाच्या घरच्यांना कधी खलनायक करू नकोस. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा पूर्वी कासवाची अंडी काढत. पोरगा हे सांगायला लाजत होता. मी आजोबांनाच किनाऱ्यावर बोलावलं. म्हातारा काठी घेऊन आला, मागाच्या टोकाशी थांबला, हलक्या हातानं काठी टोचत गेला आणि एका जागी म्हणाला, “इथं वाळू पोकळ हाय.” अंडी तिथेच होती. नातवाची मान त्या दिवसापासून ताठ आहे, आणि आजोबा आता दुसऱ्या कुणाला अंड्यांना हात लावू देत नाहीत. जुन्या माणसांचं हे ज्ञान पोरांपर्यंत पोचायलाच हवं.

तुझ्याकडे हाच प्रश्न लांडग्याच्या रूपानं येईल. ज्याच्या घरची शेळी लांडग्यानं नेली त्या पोराला ‘लांडगा वाचवा’चा फलक धरायला लावू नकोस. आधी त्याचं नुकसान ऐकून घे. वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई कशी मागायची ते मुलांनाच शिकव, अर्ज त्यांनाच लिहू दे. भरपाई हातात पडली तर त्या घरचा राग थोडा तरी निवळेल. त्याआधी प्रेमाची अपेक्षा धरणं अन्याय आहे.

माळढोक पक्ष्याबद्दल खरं तेच सांग. 1979 मध्ये त्याच्यासाठी नान्नजला अभयारण्य झालं, तरी आज तिथे तो दिसणं दुर्मिळ झालंय. मुलांना हे ऐकून वाईट वाटेल. वाटू दे. आपण ज्याला पडीक म्हणतो तो माळ म्हणजे कुणाचं तरी घर असतं, हे त्यांना तिथूनच कळेल. पण सुरुवात टिटवीपासून कर. उन्हाळ्यात ती उघड्या जमिनीवर, खड्यांत, चार अंडी घालते. ती ओरडली की अपशकुन म्हणतात, तिनं अंडी कुठे घातली यावरून पावसाचा अंदाजही बांधतात. मुलांना लांबूनच घरटं बघू दे, जवळ जाऊ देऊ नकोस. तारीख, अंडी, पिल्लं, कुत्रं आलं का, सगळं वहीत नोंदवू दे. चार-पाच वर्षं ती वही चालली तर पावसाच्या अंदाजात किती तथ्य आहे हेही पोरंच सांगतील. सप्ताह संपला तरी वही थांबू नये, एवढं मात्र बघ.

आणि एकदा मुलांना घेऊन इकडे ये. वेळासला घराघरांत राहायची सोय होते, जेवण साधं आणि पोटभर. घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर करडी पिल्लं वाळूतून वर येतात, तेव्हा त्यांना हातात घ्यायचं नाही, पाण्यात सोडायचं नाही, त्यांचं त्यांना चालू द्यायचं. हे पोरांना आधीच बजावून आण. पिल्लं नेमकी कधी येतील ते सांगता येत नाही, म्हणून दोन रात्री हाताशी ठेव. या हंगामातली काही घरटी अजून बाकी आहेत. मुख्याध्यापकांशी बोलून लगेच कळव, म्हणजे मी राहायचं विचारून ठेवतो. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
मोहन