रावान, सेगा आणि बाबांचा प्रश्न

कात्र बोर्न, मॉरिशस
२२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते, “एवढ्याशा बेटावर गाणारे-वाजवणारे असून असून किती असणार?” मी उत्तर द्यायच्या आत आवाज तुटला आणि नंतर बोलणे तुमच्या गुडघ्यांवर आणि छपराच्या कौलांवर गेले. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. फोनवर दोन मिनिटांत सांगून संपेल असे त्याचे उत्तर नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. आईच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठे काढले आहे. तरी बाबांनीच मोठ्याने वाचून दाखवावे, कारण या पत्रातला बराचसा भाग पखवाजावर हात बसलेल्या माणसासाठी आहे.

आधी एक प्रसंग सांगते. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मामा रावान वाजवतो. रावान म्हणजे आपल्या डफाच्या जातीचे, पण त्याहून बरेच मोठे वाद्य. लाकडाच्या रुंद कड्यावर बकऱ्याचे चामडे ताणून बसवलेले. ती मांडीला टेकवून उभी धरतात आणि दोन्ही हातांनी वाजवतात. एका शनिवारी संध्याकाळी त्यांचे सगळे कुटुंब फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर जमले होते आणि त्यांनी मलाही बोलावले होते. तिथे आपल्याकडच्यासारखीच सुरूची झाडे आहेत. मामांनी त्यांच्या वाळक्या काटक्या गोळा करून जाळ केला, रावान त्या जाळासमोर धरली आणि ती हळूहळू फिरवत चामड्यावरून तळवा फिरवू लागले. मधूनच बोटाने एक टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा आणि पुन्हा फिरवायची. सुरुवातीला ओल्या गोणपाटावर थाप मारावी तसा बद्द येणारा आवाज पाचसहा मिनिटांत असा मोकळा आणि टणक झाला, की लांब वाळूत खेळणारी मुलेसुद्धा खेळ टाकून धावत आली. मला शिमग्यातली आपली होळी आठवली आणि तिच्या कडेला डफ शेकत उकिडवी बसलेली माणसे आठवली. बाबा, तुम्ही धुमेला कणीक लावताना असाच कान लावून बसायचात. तिथे चामडे ओले करून आवाज खाली आणायचा, इथे ते तापवून वर न्यायचा. कान लावणारा माणूस मात्र दोन्हीकडे तसाच दिसतो.

त्या रावानीबरोबर आणखी दोनच वाद्ये असतात. मारावान नावाची एक चपटी पेटी असते. तिच्यात बिया भरलेल्या असतात आणि ती दोन्ही हातांत धरून हलवली की पावसाची सर आल्यासारखा आवाज येतो. दुसरे वाद्य म्हणजे लोखंडी त्रिकोण. या तीन वाद्यांवर जे गाणे आणि जो नाच उभा राहतो त्याला सेगा म्हणतात. नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवरून जवळजवळ उचलले जात नाहीत. वाळूत पावले सरकवत, कमरेवर झुलत आणि गुडघे वाकवत ती माणसे इतकी खाली जातात की पाठ वाळूला टेकेल असे वाटते. मॉरिशसचा हा पारंपरिक सेगा २०१४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

हा सेगा आला कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढच्या गायकांचे मोल कळणार नाही. फ्रेंचांच्या राजवटीत मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून इथे गुलाम म्हणून आणली गेली. त्यांची नावे बदलली, देव बदलले आणि आईच्या तोंडची भाषाही गेली. दिवसभराच्या राबणुकीनंतर रात्री जाळाभोवती जे उरले ते गाणेच. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, तरीही पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ सेगा हे हलक्या लोकांचे, अशिष्ट गाणे मानले जात होते. चर्चला ते खपत नसे आणि प्रतिष्ठित घरांच्या दिवाणखान्यात त्याला जागा नव्हती. आपल्याकडे तमाशाने जे सोसले, ते आठवले म्हणजे तुम्हाला हे वेगळे समजवायला नको.

त्या हेटाळणीतून सेग्याला बाहेर काढणाऱ्यांमध्ये पहिले नाव घ्यायचे ते ती फ्रेर यांचे. खरे नाव आल्फोन्स रावातों, जन्म १९०० सालचा; ‘ती फ्रेर’ म्हणजे धाकटा भाऊ. १९६४ मध्ये ले मोर्नच्या डोंगराच्या पायथ्याशी सेग्याची एक मोठी रात्र झाली आणि तिथे त्यांना ‘सेग्याचा राजा’ म्हणून गौरवले गेले. ले मोर्न म्हणजे पळालेले गुलाम ज्याच्या कड्याकपारींत लपून राहत तोच डोंगर. स्वातंत्र्य मिळायला, म्हणजे १२ मार्च १९६८ उजाडायला, तेव्हा अजून तीन-साडेतीन वर्षे होती. त्या डोंगराखाली, त्या माणसांच्या गाण्याला राजेपण मिळाले ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ती फ्रेर १९९२ मध्ये वारले. त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मला आपल्या भजनातल्या एखाद्या जुन्या बुवांची आठवण झाली. आवाज खरखरीत, दम थोडा तुटणारा, पण शब्द कुठे टाकायचा ते पक्के ठाऊक असलेला. त्यांच्याच काळापासून सेर्ज लेब्रासांसारख्या गायकांनी वाद्यवृंद आणि गिटार घेऊन सेगा रेकॉर्डवर आणि रेडिओवर नेला. तो गोड आहे, पण माझे मन रावानीकडेच ओढते.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात इथे बेकारी होती, संप होते, आणीबाणीही लागली होती. त्या वेळी तरुणांनी क्रिओल या फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीभाषेत प्रश्न विचारणारी गाणी रचली. शाळा आणि कचेरी इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि घरातले रडणे-हसणे क्रिओलमध्ये असा इथला प्रकार आहे; या भाषेला प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली तीसुद्धा २०१२ मध्ये. अशा भाषेत गंभीरपणे गाणे हीच त्या काळी एक भूमिका होती. त्या मंडळींपैकी लातानिये हा गट मला सर्वांत जवळचा वाटतो. राम आणि नितीश जोगाना या दोघा भावांचा तो गट. नावे वाचूनच तुम्हाला कळेल की त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून आलेले. पण त्यांनी गाण्यासाठी भाषा निवडली ती गुलामांच्या वंशजांच्या तोंडची, उसाच्या शेतात आणि बंदरात सगळ्यांनाच येणारी. ज्या देशात मत मागतानाही माणसाची जात आणि वंश पाहिला जातो, तिथे दोन भावांनी केलेली ही निवड साधी नव्हती.

आता कायाविषयी लिहिते. मराठी कानाला हे नाव ऐकताच देह आठवतो, पण त्याने ते घेतले बॉब मार्ली या जमैकाच्या गायकाच्या १९७८ च्या अल्बमवरून. खरे नाव जोसेफ रेजिनाल्ड तोपिझ, जन्म १९६० चा, राजधानी पोर्ट लुईच्या बंदराजवळच्या रोश ब्वा या गरीब वस्तीतला. रासिन तातान या आपल्या गटासह त्याने सेग्याची झुलती लय आणि जमैकाच्या रेगेचा ठाशीव ठेका एकत्र आणला, आणि त्या मिश्रणाला ‘सेगे’ असे नाव मिळाले. ऐकायला सोपे वाटते, पण बाबा, तुम्ही ऐकाल तेव्हा जाणवेल की हे नुसते दोन ठेके शेजारी ठेवणे नाही. रेगेत ठोक्यांच्या मधली जागा रिकामी ठेवलेली असते आणि सेग्यात ती सतत भरलेली असते. कायाने रिकाम्या जागेत मारावानीची सर आणून सोडली. त्या लयीवर त्याने इथल्या सगळ्या वंशांच्या माणसांनी एकमेकांना ओळखावे असे सांगणारी गाणी म्हटली.

१९९९ च्या फेब्रुवारीत गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये या मागणीसाठी रोझ हिल शहरात एक जाहीर मैफल झाली आणि काया तिथे गायला. त्या मैफलीत गांजा ओढल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि २१ फेब्रुवारीला तो पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. डोक्याला जखमा होत्या. वय होते ३८. गांजाचे नाव वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला ते ठाऊक आहे, पण त्या कारणाने अटक झालेला गायक जिवंत घरी परतू नये हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. त्यानंतर काही दिवस सगळे बेट पेटले होते. बर्जे आगात हा सेगे गाणारा दुसरा कलाकारही त्या दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातले, आणि हिंदुस्थानी वंशाचे शेजारी एकमेकांच्या भीतीने दारे लावून बसले. ज्याने आयुष्यभर त्या दोघांना एकत्र आणणारी गाणी गायली, त्याच्याच मरणानंतर हे घडले. मी पहिल्यांदा ऑफिसात डबा खाताना त्याचे नाव काढले तेव्हा चौघांपैकी दोघांचे हात घासासकट थांबले. नंतर त्यांतली एक बाई हळू आवाजात म्हणाली, “मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आईने आम्हाला पलंगाखाली झोपवले होते.” त्या दिवसापासून मी त्याची गाणी इअरफोनवर ऐकते, मोठ्याने लावायची ती समोरच्याला विचारूनच.

कायाच्याच काळात पोर्ट लुईच्या कासिस वस्तीतून कासिया हा गट पुढे आला आणि देझिरे फ्रांस्वा यांच्या आवाजाने घरोघरी पोचला. पूर्वजांच्या स्वप्नावरचे त्यांचे एक गाणे बसमध्ये, लग्नात, समुद्रावर, सगळीकडे ऐकू येते आणि सगळ्यांना तोंडपाठ असते. कासिसचेच मेनवार हे मात्र वेगळ्या वाटेचे गृहस्थ आहेत. रावान हेच त्यांचे आयुष्य. हॉटेलांत पाहुण्यांपुढे फुलाफुलांचे झगे घालून जो सेगा चालतो तो नाचायला छान असतो, परंतु त्यात रावान बहुधा कृत्रिम पडद्याची असते, म्हणजे शेकायला नको. मला वाटते, शेकण्याचा तो वेळ गेला की गाण्यातले काहीतरी निघूनच जाते. तुम्ही याल तेव्हा मी तुम्हाला हॉटेलात नेणार नाही.

आईसाठी एक खास गोष्ट. इथल्या भोजपुरी घरांत लग्नाआधी बायका जमून ढोलक, लोटा आणि थाळी-चमचा यांवर गाणी म्हणतात. त्याला गीत-गवई म्हणतात आणि २०१६ मध्ये तेही युनेस्कोच्या यादीत गेले. घाणा भरताना तू आणि मावशी जे म्हणता त्याचीच ही बहीण. आणि त्या भोजपुरी गाण्यांना सेग्याचा ठेका देऊन भोजपुरी बॉइज नावाच्या बँडने साऱ्या देशाला नाचवले. क्रिओल पोरेही त्यांची भोजपुरी कडवी म्हणतात.

आणि आपली माणसे? कास्काव्हेलमध्ये एका मराठी घरी मी गणपतीला गेले होते. गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांसाठी आलेल्या कोकणी माणसांची ही पाचवी-सहावी पिढी. घरात बोलतात क्रिओल, आरती मात्र मराठीत. रात्री अंगणात मुलांनी झाकरी धरली. बाबा, झाकरी म्हणजे आपली जाखडीच! गोल तोच, मधोमध बसलेले वादक तेच, पायांची चाल तीच. शब्द काही ठिकाणी झिजून अर्थापलीकडे गेलेले, पण ठेका शाबूत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि मला तुमची फार आठवण आली. ती झाकरी संपल्यावर त्याच मुलांनी त्याच अंगणात कासियाचे गाणे लावले आणि त्याच पायांनी सेगा नाचला. त्या घरच्या आजी खुर्चीत बसून दोन्हींना सारख्याच टाळ्या देत होत्या.

बाबा, मागच्या शिमग्यापासून पखवाज खोळीतच आहे असे आईने सांगितले. बोटांची पेरे सुजतात हे खरे आहे आणि मी हट्ट करणार नाही. पण त्या मामांचेही वय सत्तरीच्या पुढचे आहे आणि त्यांचीही बोटे वाकडी झाली आहेत; आता ते थोडेच वाजवतात आणि उरलेला वेळ भाच्याच्या रावानीला कान लावून ‘अजून तापव’ एवढेच सांगतात. आपल्या मंडळात नव्याने बसणाऱ्या मुलाला तुमचा तेवढा कान मिळाला तरी पुष्कळ होईल. शक्य वाटल्यास एकादशीला नुसते जाऊन बसा.

पुढच्या आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ मुंबईला येत आहेत, त्यांच्याबरोबर पेन ड्राइव्ह पाठवते. दादा तो टीव्हीला लावून देईल. आधी ती फ्रेर ऐका, मग लातानिये, मग काया, आणि शेवटी आईसाठी भोजपुरी बॉइज. पहिल्या गाण्यात लय सहाची आहे, आपल्या दादऱ्याच्या जवळची. पण ती तीन-तीन मोजायची की दोन-दोन, हे मला इतके महिने ऐकूनही ठरवता आलेले नाही. मामांना विचारले तर ते हसून रावानीवर थाप मारतात. तुम्ही मांडीवर ताल धरून पाहा आणि रविवारी फोन करते तेव्हा मला सांगा.

प्रकृतीची काळजी घ्यावी. आईने संध्याकाळची गोळी चुकवू नये.

तुमची लेक