आधी बुडालेली बाभळ विचार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

उजनीला मासे धरायला निघालात, सोबत माहीतगार कुणी नाही, हे तुझ्या आईकडून कळलं. मला आधी बोलली असतीस तर अडवलं नसतं, पण चार फाटे फोडले असते. ते आता पत्रातून फोडतो.

मोबाईलवर बघून पळसदेवच्या बाजूची जागा धरलीय म्हणे. तिथं सगळं निळं दिसतं, पण खाली शेतं आहेत गं. 1980 साली धरण पुरं झालं आणि भीमाकाठच्या विहिरी, बांध, झाडं सगळं पाण्यात गेलं. उन्हाळ्यात चक्कर मारली असतीस तर तळ डोळ्यांनी दिसला असता. पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा तेव्हा उघडं पडतं. आता डिसेंबरात काही दिसायचं नाही. मासा असल्या अडचणीतच राहतो, आणि गळही तिथंच अडकतो.

तुझ्या जन्माआधी मी भिगवणच्या अलीकडे असाच कुणाला न विचारता बसलो होतो. दोन तासांत सात गळ गेले. शेळ्या राखणारे एक आजोबा मागं उभे राहून मजा बघत होते. आठवा गळ बांधायला घेतला तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, ती आमची बांधावरची बाभळ हाय. तिला कशाला वढताय? डाव्या अंगाला वीस पावलं सरका, तिथं गाडीवाट हाय." सरकलो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मोकळा सुटला आणि दुपारपर्यंत पिशवीत नऊ चिलापी.

म्हणून पहिल्या संध्याकाळी काठ्या गाडीतच राहू देत. साठी उलटलेलं माणूस गाठ, चहा पाज, आणि ओढा कुठून जायचा, विहीर कुठं होती ते विचार. ठेका कुठल्या मच्छीमार संस्थेकडे आहे आणि गळ टाकलेला चालतो का, तेही तिथंच कळेल. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे रांगेत दिसले तर खाली जाळं आहे, लांब राहा.

पहाटे जाऊन कुडकुडू नका. थंडीत चिलापी ऊन चढल्यावरच तोंड उघडते. तोंड लहान, तेव्हा गळ लहान, वर गांडूळ. मरळ हवी असेल तर काठच्या गवतात नजर ठेव, श्वास घ्यायला ती वर येतेच. पुढं कधी पावसाळ्यात गेलीस आणि तांबड्या पिल्लांचा घोळका पाण्यावर सरकताना दिसला, तर तिथं गळ टाकू नकोस. खाली राखणीला आईबाप असतात. टाकलास तर रागानं तुटून पडतात, लागतातही. पण नको.

काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघाभर. काठी टेकवून बघ. उसाच्या मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात, त्यांच्या आसपास पाण्यात उतरायचं नाही. आणि बोटीत बसणारच असाल तर जॅकेट घालून, वारं नसताना. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. यावर वाद घालू नकोस.

माझी निळी पेटी माळ्यावर आहे. शिशाच्या गोळ्या घे, तंगूस मात्र नवा घे. जुना हातानं ओढला तरी तुटतो. आणि मासे आणलेस तर तिथंच साफ करून आण. मोरीत खवले दिसले की तुझी आई मलाच बोलते.

तुझा,
बाबा